प्रतिकारशास्त्रातील संशोधन-प्रभावाचे मापन

प्रतिकारशास्त्रातील संशोधन-प्रभावाचे मापन म्हणजे प्रतिकारशास्त्राच्या, अर्थात इम्युनॉलॉजीच्या, क्षेत्रात काम करणाऱ्या संशोधकाचे शोधनिबंध आणि त्या निबंधांना मिळालेली उद्धरणे मोजून त्याच्या कार्याचा इतर संशोधकांवर किती परिणाम झाला, याचा अंदाज घेण्याची पद्धत होय. एखाद्या शोधनिबंधाचा दुसऱ्या निबंधाच्या संदर्भसूचीत झालेला उल्लेख म्हणजे उद्धरण किंवा सायटेशन. प्रकाशनांच्या अशा संख्यात्मक अभ्यासाला ग्रंथमिती म्हणतात. एकूण उद्धरणसंख्या, एच-निर्देशांक, नियतकालिकाचा प्रभाव गुणांक आणि क्षेत्रसापेक्ष उद्धरण-गुणोत्तर ही या मापनातील प्रमुख मापके आहेत.

नेमणूक, पदोन्नती, संशोधन अनुदान, पुरस्कार आणि संस्थांची क्रमवारी यांसाठी या मापकांचा जगभर वापर होतो. त्यामुळे संशोधकाच्या नावापुढे लागणारा आकडा त्याच्या प्रयोगशाळेचे भवितव्य ठरवू शकतो. मात्र उद्धरणसंख्येवरून प्रत्यक्षात समजते ते एवढेच, की एखाद्या कामाची दखल किती जणांनी आणि केव्हा घेतली. ते काम खरे ठरले की नाही, किंवा त्याचा रुग्णाला उपयोग झाला की नाही, हे तिच्यावरून समजत नाही. दखल आणि योग्यता यांतील हे अंतर दाखवणारी अनेक उदाहरणे प्रतिकारशास्त्राच्या इतिहासात आढळतात.

इतिहास

उद्धरणांची पद्धतशीर सूची तयार करण्याची प्रथा मूळची कायद्याच्या क्षेत्रातील आहे. एखाद्या जुन्या न्यायनिर्णयाचा पुढील कोणत्या निर्णयांत उल्लेख झाला आणि तो निर्णय अद्याप ग्राह्य आहे की नाही, हे वकिलांना कळावे यासाठी अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड यांच्या सूची प्रसिद्ध होत होत्या. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात विज्ञानासाठी अशाच सूचीची कल्पना मांडली. एखाद्या निबंधावर पुढे कोणती टीका झाली हे अभ्यासकाला समजावे, आणि चुकीची किंवा कालबाह्य माहिती डोळे झाकून उद्धृत होऊ नये, हा त्यांचा मुख्य हेतू होता. व्यक्तींची तुलना करणे हा त्या प्रस्तावाचा गाभा नव्हता.

गारफील्ड यांनी फिलाडेल्फिया येथे इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशन ही संस्था स्थापन केली आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध होऊ लागला. या प्रकल्पाला पाठिंबा देणाऱ्यांमध्ये नोबेल विजेते जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग होते. प्रतिपिंडनिर्मितीविषयीच्या निवड सिद्धान्ताच्या मांडणीतही लेडरबर्ग यांचा सहभाग होता. डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६५ मध्ये शोधनिबंधांच्या परस्परसंबंधांचे जाळे उद्धरणांच्या आधारे अभ्यासले, तर ॲलन प्रिचर्ड यांनी १९६९ मध्ये ग्रंथमितीसाठी 'बिब्लिओमेट्रिक्स' हा शब्द सुचवला. नियतकालिकांचे प्रभाव गुणांक देणारे 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स' १९७५ पासून निघू लागले. २००४ मध्ये 'स्कोपस' आणि 'गूगल स्कॉलर' सुरू झाल्यावर उद्धरणांची माहिती सर्वसामान्य संशोधकाच्या आवाक्यात आली. पुढच्याच वर्षी होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक मांडला आणि एका व्यक्तीचे कार्य एका आकड्यात सांगण्याची पद्धत रूढ झाली.

माहितीचे स्रोत

एकाच संशोधकाची उद्धरणसंख्या वेगवेगळ्या स्रोतांत वेगवेगळी असते. 'वेब ऑफ सायन्स' हा स्रोत निवडक नियतकालिकांपुरता मर्यादित आहे. 'स्कोपस'ची व्याप्ती त्याहून मोठी आहे. 'गूगल स्कॉलर' प्रबंध, पुस्तके, परिषदांतील लेख आणि पूर्वप्रकाशित मसुदेही मोजत असल्यामुळे तेथील आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो. 'ओपनॲलेक्स' हा खुला स्रोत २०२२ पासून उपलब्ध आहे. वैद्यकीय वाङ्मय शोधण्यासाठी वापरली जाणारी 'पबमेड' ही मुख्यतः निबंधांची सूची आहे. तिच्यातील निबंधांची उद्धरण-मापके अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, 'आयसाइट' या साधनावर मिळतात. म्हणून कोणताही आकडा देताना स्रोत आणि तारीख नोंदवणे आवश्यक मानले जाते.

नावांतील संदिग्धता ही या सर्व स्रोतांची सामाईक अडचण आहे. आडनाव आणि आद्याक्षर सारखे असलेल्या दोन व्यक्तींचे निबंध एकाच खात्यात जमा होऊ शकतात. उलट, विवाहानंतर नाव बदलणाऱ्या किंवा रोमन लिपीत आडनाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिणाऱ्या एकाच व्यक्तीचे काम दोन खात्यांत विभागले जाऊ शकते. देशपांडे, कुलकर्णी, पाटील यांसारखी आडनावे असणाऱ्या संशोधकांना हा अनुभव येणे स्वाभाविक आहे. यावर उपाय म्हणून २०१२ पासून 'ऑर्किड' हा सोळा अंकी ओळखक्रमांक दिला जातो.

प्रमुख मापके

उद्धरणसंख्या आणि सरासरी

सर्व निबंधांना मिळालेल्या उद्धरणांची बेरीज हे सर्वांत साधे मापक आहे. उद्धरणांचे वितरण अत्यंत विषम असते. थोड्या निबंधांना पुष्कळ, तर बहुसंख्य निबंधांना मोजकीच उद्धरणे मिळतात. त्यामुळे एखाद्या गाजलेल्या निबंधाने सरासरी फुगते. अशा वेळी मध्यगा हे माप अधिक प्रातिनिधिक ठरते.

एच-निर्देशांक

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये ही कल्पना मांडली. एखाद्या संशोधकाच्या 'एच' इतक्या निबंधांना प्रत्येकी किमान 'एच' इतकी उद्धरणे मिळाली असतील, तर असा सर्वांत मोठा 'एच' म्हणजे त्याचा एच-निर्देशांक.

उदाहरणार्थ, एका काल्पनिक संशोधकाच्या आठ निबंधांना अनुक्रमे २१०, ९५, ४०, १८, ७, ६, ४ आणि ० उद्धरणे मिळाली आहेत. उतरत्या क्रमाने पाहता सहाव्या निबंधाला ६ उद्धरणे आहेत, पण सातव्याला ७ नाहीत. म्हणून त्याचा एच-निर्देशांक ६ होतो. त्याची एकूण उद्धरणे ३८०, सरासरी ४७.५ आणि मध्यगा १२.५ आहे. दुसऱ्या संशोधकाच्या आठ निबंधांना प्रत्येकी ८ उद्धरणे असतील, तर त्याची एकूण उद्धरणे केवळ ६४ असूनही निर्देशांक ८ येतो. पहिल्या संशोधकाच्या सर्वोत्तम निबंधाची उद्धरणे २१० वरून २,१०० झाली, तरी त्याचा निर्देशांक ६ च राहतो. अर्थात हे मापक सातत्याला झुकते माप देते आणि एखाद्या युगप्रवर्तक निबंधाचे वजन जवळजवळ दुर्लक्षित करते. हा निर्देशांक कधी कमी होत नाही. संशोधक निवृत्त झाला तरी तो वाढू शकतो, आणि कारकीर्दीची वर्षे जशी वाढतील तसा तोही वाढत जातो. त्यामुळे तरुण आणि ज्येष्ठ संशोधकांची तुलना त्याच्या आधारे करणे गैर ठरते.

ही उणीव भरून काढण्यासाठी लिओ एग्गे यांनी २००६ मध्ये जी-निर्देशांक सुचवला. त्यात अतिशय उद्धृत निबंधांना अधिक वजन मिळते. किमान दहा उद्धरणे मिळालेल्या निबंधांची संख्या म्हणजे आय-१० निर्देशांक. तो 'गूगल स्कॉलर' देते. वरील पहिल्या उदाहरणात तो ४ आहे, तर दुसऱ्यात ० आहे. त्याच दोन संशोधकांचा क्रम एच-निर्देशांकानुसार एक आणि आय-१० नुसार नेमका उलट लागतो.

प्रभाव गुणांक

प्रभाव गुणांक किंवा इम्पॅक्ट फॅक्टर हे नियतकालिकाचे मापक आहे, व्यक्तीचे नव्हे. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत प्रसिद्ध केलेल्या मजकुराला चालू वर्षात मिळालेली उद्धरणे भागिले त्या दोन वर्षांतील शोधनिबंध व आढावा लेखांची संख्या, असे त्याचे सूत्र आहे. अंशस्थानी संपादकीये आणि पत्रे यांना मिळालेली उद्धरणेही येतात, परंतु छेदस्थानी ती धरली जात नाहीत. कोविड-१९ च्या साथीत या मापकाची अस्थिरता ठळकपणे दिसली. 'द लॅन्सेट'चा प्रभाव गुणांक २०२० साठी सुमारे ७९ होता. तो २०२१ साठी सुमारे २०३ झाला आणि पुढील वर्षी पुन्हा उतरला. एका वर्षात त्या नियतकालिकातील प्रत्येक निबंधाची गुणवत्ता अडीच पटींनी वाढली, असा त्याचा अर्थ होत नाही.

क्षेत्रसापेक्ष मापके

गणितातील निबंधाची संदर्भसूची सहसा छोटी असते, तर जैववैद्यकातील मोठी असते. त्यामुळे दोन क्षेत्रांतील उद्धरणसंख्यांची थेट तुलना करता येत नाही. हा फरक काढून टाकण्यासाठी निबंधाची तुलना त्याच क्षेत्रातील, त्याच वर्षीच्या आणि त्याच प्रकारच्या निबंधांशी करतात. 'इसेन्शियल सायन्स इंडिकेटर्स' या संचात विज्ञानाचे २२ विभाग असून प्रतिकारशास्त्र हा त्यांपैकी एक स्वतंत्र विभाग आहे. त्या विभागात त्या वर्षीच्या सर्वाधिक उद्धृत १ टक्क्यात येणारा निबंध 'अतिउद्धृत' मानला जातो. एनआयएचने २०१६ मध्ये सापेक्ष उद्धरण-गुणोत्तर मांडले. त्यात निबंधाचे क्षेत्र नियतकालिकावरून ठरत नाही. त्या निबंधासोबत एकत्र उद्धृत होणाऱ्या इतर निबंधांवरून ते ठरवले जाते. हे गुणोत्तर १ असणे म्हणजे एनआयएचच्या अनुदानातून झालेल्या निबंधांच्या सर्वसाधारण पातळीइतकी दखल मिळणे होय.

लेखकांचा क्रम

जैववैद्यकात पहिला लेखक हा प्रत्यक्ष प्रयोग करणारा आणि शेवटचा लेखक हा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो, असा संकेत आहे. वर दिलेल्या बहुतेक मापकांत हा क्रम धरला जात नाही. बारा जणांच्या निबंधातील प्रत्येकाला उद्धरणांचे पूर्ण श्रेय मिळते. जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या संमिश्र निर्देशांकात एकट्या, पहिल्या आणि शेवटच्या लेखकाच्या भूमिकेतील उद्धरणे वेगळी मोजली जातात. स्वतःच्या कामाची स्वतःच केलेली उद्धरणे वगळूनही तो काढता येतो.

प्रतिकारशास्त्राची वैशिष्ट्ये

हिर्श यांच्या मूळ निबंधात जीवविज्ञानातील संशोधकांचे निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञांपेक्षा बरेच मोठे असल्याचे नमूद आहे. त्यांच्या गणनेत भौतिकशास्त्रज्ञांपैकी सर्वांत वर असलेल्या एडवर्ड विटन यांचा निर्देशांक ११० होता. जीवविज्ञानाच्या यादीत प्रथम असलेल्या सॉलोमन स्नायडर यांचा १९१ होता. त्याच यादीत इंटरल्युकिन-१ वर काम करणारे चार्ल्स दिनारेल्लो १३८ आणि इंटरल्युकिन-६ चे संशोधक तादामित्सु किशिमोतो १३४ या निर्देशांकांसह होते. सायटोकाइन या गटातील हे रेणू संधिवात, कर्करोग, मधुमेह, संसर्ग अशा अनेक विषयांत महत्त्वाचे असल्याने त्यांच्यावरील निबंधांची दखल प्रतिकारशास्त्राबाहेरही घेतली जाते.

क्षेत्राच्या आतही मोठी विषमता आहे. एचआयव्ही किंवा कर्करोगावरील प्रतिकार-उपचार या विषयांवर हजारो संशोधक काम करतात. अपृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रतिकारयंत्रणेवर त्या मानाने थोडेच करतात. कीटकांवरील एखादे काम तेवढ्याच तोलाचे असूनही त्याचा निर्देशांक लहान राहू शकतो. जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये फळमाशीतील 'टोल' जनुकाचे बुरशीविरोधी प्रतिकारातील कार्य दाखवले. त्यातून सस्तन प्राण्यांतील जन्मजात प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला चालना मिळाली आणि हॉफमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

निबंधाचा प्रकारही निर्णायक असतो. आढावा लेख मूळ संशोधनापेक्षा सामान्यतः अधिक उद्धृत होतात. १९८३ मध्ये सुरू झालेले 'ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ इम्युनॉलॉजी' हे तर केवळ आढावा लेखांचेच नियतकालिक आहे. प्रयोगपद्धती सांगणारे निबंधही पुढे राहतात. 'नेचर' नियतकालिकाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांच्या यादीत प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत देणारा ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा निबंध ३ लाखांहून अधिक उद्धरणांसह पहिला होता. फ्लो सायटोमेट्रीच्या वापरासंबंधी 'युरोपियन जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'ने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांसारख्या निबंधांना शेकडो लेखक असतात, आणि त्या सर्वांच्या खात्यात ही उद्धरणे जमा होतात.

ऐतिहासिक उदाहरणे

कृंतक निवड सिद्धान्त: फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी प्रतिपिंडनिर्मितीचा कृंतक निवड सिद्धान्त १९५७ मध्ये 'ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ सायन्स' या जगात फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात छोट्या टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध केला. प्रत्येक लसिकापेशी एकाच प्रकारचे प्रतिजन ओळखते आणि ते भेटल्यावर तिचीच संख्या वाढते, हा या सिद्धान्ताचा आशय आज प्रतिकारशास्त्राचा पाया मानला जातो. नियतकालिकाच्या प्रतिष्ठेवरून निबंधाची किंमत ठरवणाऱ्या पद्धतीत या टिपणाला जवळपास शून्य गुण मिळाले असते.

डेंड्रायटिक पेशी: राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेत एक नवी पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. तिचे महत्त्व मान्य होण्यास दीर्घ काळ लागला. ही पेशी वेगळी असते की ती महाभक्षी पेशीचेच एक रूप आहे, याविषयी अनेक वर्षे शंका घेतली जात होती. प्रतिकारक्रिया सुरू करण्यात या पेशींची भूमिका मध्यवर्ती असल्याचे पुढे सिद्ध झाले. स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा तीन दिवसांपूर्वीच, ३० सप्टेंबर रोजी, त्यांचे निधन झाले होते. दोन किंवा पाच वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या मापकांना अशी विलंबित दखल दिसत नाही.

दमनकारी आणि नियामक टी पेशी: रिचर्ड गर्शन आणि काझुनारी कोंदो यांनी १९७० मध्ये टी पेशी प्रतिकारक्रिया दाबूही शकतात, असे दाखवले. पुढील दशकात 'दमनकारी टी पेशी' हा क्षेत्रातील अत्यंत गजबजलेला विषय झाला. या पेशींशी निगडित मानलेले 'आय-जे' जनुक ज्या ठिकाणी असावयास हवे होते, तेथे ते नसल्याचे १९८० च्या दशकाच्या आरंभी रेणवीय अभ्यासातून दिसून आले. त्यानंतर हा विषय इतका बदनाम झाला, की त्यावर काम करणे अनेकांनी सोडून दिले. मोठ्या संख्येने निबंध आणि उद्धरणे असूनही त्या कामाचा आधार डळमळीत निघाला. शिमोन साकागुची मात्र सहनशीलता राखणाऱ्या पेशींचा शोध घेत राहिले. त्यांनी १९९५ मध्ये 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'त सीडी२५ हे चिन्ह धारण करणाऱ्या नियामक टी पेशींचे वर्णन केले. मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'फॉक्सपी३' जनुकातील बिघाड उंदरांतील प्राणघातक स्वयंप्रतिकार रोगाला कारणीभूत असल्याचे शोधले. या दोन धाग्यांचा संबंध २००३ मध्ये जुळला आणि २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. ब्रंकॉ आणि रॅम्सडेल यांनी हे काम विद्यापीठात केले नव्हते, तर जैवतंत्रज्ञान कंपनीत केले होते. तेथे निबंधांची संख्या वाढवणे हे प्रगतीचे माप नसते.

आरएनए लसी: काटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये 'इम्युनिटी' या नियतकालिकात आरएनएमधील घटकांत रासायनिक बदल केल्यास टोलसदृश ग्राही त्याला परके मानत नाहीत, असे दाखवले. हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. २०२० मध्ये आलेल्या कोविड-१९ च्या आरएनए लसींमागे हेच तत्त्व होते. दोघांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिकूल उद्धरणे: गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या संयुक्त लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, बारा मुलांवर आधारित निबंध १९९८ मध्ये 'द लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला आणि २०१० मध्ये मागे घेतला. हा निबंध मोठ्या प्रमाणावर उद्धृत झाला, पण त्याचा उल्लेख करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो खोडून काढण्यासाठीच केला. मोजणी करणाऱ्या यंत्रणेच्या लेखी खंडन आणि समर्थन यांची किंमत सारखीच असते.

नावात विरलेले श्रेय: एखादा शोध इतका रूढ होतो, की त्याचा मूळ निबंध कोणी उद्धृत करीत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेला 'समावेशाने होणारे विलोपन' असे नाव दिले. जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एककृंतक प्रतिपिंडे बनवण्याची पद्धत दिली. आज ती प्रतिपिंडे वापरणाऱ्या प्रयोगशाळा सहसा त्या निबंधाचा संदर्भ देत नाहीत. महाराष्ट्रातील याच जातीचे उदाहरण म्हणजे बॉम्बे रक्तगट. मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्याचे वर्णन केले. तांबड्या पेशींवर एच प्रतिजन नसलेल्या या व्यक्तींच्या रक्तात त्या प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही आणि चुकीचे रक्त दिल्यास जिवावर बेतू शकते. रक्तपेढ्यांत हे नाव रोज उच्चारले जाते, परंतु एखाद्या रुग्णाला योग्य रक्त मिळाल्याची नोंद कोणत्याही उद्धरण-सूचीत होत नाही.

मर्यादा आणि गैरवापर

एखादे माप उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व येथेही लागू पडते. एकाच अभ्यासाचे तुकडे करून अनेक निबंध लिहिणे, कामात सहभाग नसलेल्यांना लेखक करणे, स्वतःच्या किंवा परिचितांच्या निबंधांची अनावश्यक उद्धरणे देणे, तसेच परीक्षकाने किंवा संपादकाने आपल्या नियतकालिकाचे संदर्भ घालण्याचा आग्रह धरणे, हे गैरवापराचे परिचित प्रकार आहेत. पैसे घेऊन निबंध तयार करून देणारे व्यवसायही उभे राहिले आहेत. उद्धरणांचा आकृतिबंध संशयास्पद आढळल्यास 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स' त्या नियतकालिकाचा प्रभाव गुणांक त्या वर्षी जाहीर करीत नाही.

काही उणिवा गैरवापर नसतानाही राहतात. मुले लहान असताना किंवा आजारपणात घेतलेली रजा मापकांना समजत नाही. इंग्रजीतर भाषांतील आणि स्थानिक रोगांवरील निबंधांची नोंद अपुरी राहते. विद्यार्थी घडवणे, प्रतिपिंडे व पेशीवंश इतरांना पुरवणे, लसीकरण मोहिमांना सल्ला देणे, प्रयोग फसल्याचे प्रांजळपणे प्रसिद्ध करणे या गोष्टींची मोजदाद होत नाही. खुद्द हिर्श यांनी २०२० मध्ये लिहिलेल्या एका लेखात आपल्या निर्देशांकाचे गंभीर आणि अनपेक्षित दुष्परिणाम होऊ शकतात, असे मत मांडले.

सुधारणेचे प्रयत्न

अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या डिसेंबर २०१२ मधील बैठकीतून संशोधन-मूल्यमापनाविषयीचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा तयार झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो 'डोरा' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. नियतकालिकाच्या प्रभाव गुणांकावरून एखाद्या निबंधाची किंवा व्यक्तीची गुणवत्ता ठरवू नये, ही त्याची मुख्य शिफारस आहे. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायडेन जाहीरनाम्यात दहा तत्त्वे आहेत. संख्यात्मक मूल्यमापन हे तज्ज्ञांच्या मताला पूरक असावे, स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण मिळावे, क्षेत्राक्षेत्रांतील फरक ध्यानात घ्यावा आणि ज्यांचे मूल्यमापन होते त्यांना माहिती पडताळता यावी, ही त्यांपैकी काही होत. युरोपात २०२२ मध्ये संशोधन-मूल्यमापनाच्या सुधारणेसाठी संस्थांची आघाडी स्थापन झाली.

काही अनुदान संस्था आता निबंधांची पूर्ण यादी न मागता निवडक कामे आणि त्यांतील स्वतःचा वाटा सांगणारे कथनात्मक परिचयपत्र मागतात. अशा पद्धतीत परीक्षकांचा अधिक वेळ लागतो, आणि ओळखीपाळखीचा प्रभाव पडण्याची शक्यताही राहते. संख्यात्मक मापकांच्या समर्थकांचा मुद्दा नेमका हाच आहे. वशिल्याच्या तुलनेत आकडा निदान सर्वांना तपासता येतो, असे त्यांचे म्हणणे असते.

भारतातील वापर

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत अध्यापकांच्या निवडीसाठी व पदोन्नतीसाठी गुणांवर आधारित पद्धत आणली. २०१८ च्या विनियमांत संशोधन-गुणांचे कोष्टक असून त्यात प्रभाव गुणांकाला थेट स्थान आहे. प्रभाव गुणांक नसलेल्या परीक्षित नियतकालिकातील निबंधाला ५, गुणांक १ पेक्षा कमी असल्यास १०, १ ते २ असल्यास १५, २ ते ५ असल्यास २०, ५ ते १० असल्यास २५ आणि १० पेक्षा अधिक असल्यास ३० गुण आहेत. दोनपेक्षा अधिक लेखक असल्यास प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि सहलेखकांना प्रत्येकी ३० टक्के गुण मिळतात. या कोष्टकात निबंधाला स्वतःला मिळालेल्या उद्धरणांपेक्षा तो कोठे छापला गेला याला महत्त्व आहे. त्यामुळे 'डोरा'च्या मुख्य शिफारशीशी ते विसंगत ठरते.

निकृष्ट आणि फसव्या नियतकालिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये 'केअर' ही मान्य नियतकालिकांची यादी सुरू केली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चालत असे. २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद करून नियतकालिके पारखण्याची जबाबदारी उच्च शिक्षण संस्थांकडे सोपवली. संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतही प्रकाशने व उद्धरणे यांना गुण आहेत.

मापके वाचताना घ्यावयाची दक्षता

प्रतिकारशास्त्रातील संशोधकाचा निर्देशांक वाचताना पुढील गोष्टी पाहणे उपयुक्त समजले जाते:

* आकडा कोणत्या स्रोतातून आणि कोणत्या तारखेला घेतला आहे;
* संशोधकाची कारकीर्द किती वर्षांची आहे आणि मध्ये खंड पडला आहे काय;
* उद्धरणे मूळ संशोधनाला मिळाली आहेत, की आढावा लेख, पद्धती व मार्गदर्शक तत्त्वे यांना;
* किती निबंधांत ती व्यक्ती पहिली, शेवटची किंवा पत्रव्यवहारकर्ती लेखक आहे;
* तुलना त्याच उपक्षेत्रातील आणि त्याच काळातील संशोधकांशी केली आहे काय;
* सर्वाधिक उद्धृत निबंधांचे निष्कर्ष इतर प्रयोगशाळांत पुन्हा मिळाले आहेत काय, आणि त्यांपैकी एखादा निबंध मागे घेतला गेला आहे काय.

यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही निर्देशांकात सापडत नाही. त्यासाठी ते निबंध आणि त्यांच्यावरील पुढील चर्चा वाचावी लागते. गारफील्ड यांनी १९५५ मध्ये उद्धरण-सूची सुचवली ती अशाच वाचनाची सोय व्हावी म्हणून.